श्रवणयंत्र काढून ठेवणं ही शिक्षा? लेखी तक्रार करू की शाळाच बदलू?

मृद्गंधा | 3 फेब्रुवारी, रात्री 10:40

लेक नऊ वर्षांचा आहे, तिसरीत. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, अडीच वर्षांचा असल्यापासून. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साध्या अनुदानित मराठी शाळेत जातो. बोलतो, वाचन वर्गाच्या बरोबरीने आहे. 'र' अजून नीट येत नाही, एवढंच.

डिसेंबरपासून काहीतरी बिनसलंय हे जाणवत होतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. दुसरी गोष्ट सेलची. नारिंगी पट्टीचे 13 नंबरचे सेल आम्हाला दहा दिवस पुरतात. सहाचं पाकीट दोन्ही कानांना मिळून महिनाभर जातं, हा हिशोब पाठ झालाय. या खेपेला ते दीड महिना पुरलं. मला वाटलं, यावेळचे सेल चांगले निघाले.

परवा शनिवारी यंत्रात खरखर येते म्हणून नाशिकला दाखवायला नेलं. तिथल्या ताईंनी यंत्र संगणकाला जोडलं आणि विचारलं, "रोज किती तास घालतो हा?" मी म्हटलं, "उठल्यापासून झोपेपर्यंत." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. रोजची सरासरी साडेसात तास. दिवाळीच्या सुट्टीतल्या नोंदीत हीच सरासरी बारा होती.

घरी आल्यावर मी त्याला काहीच विचारलं नाही. रात्री तो बहिणीच्या कापडी अस्वलाबरोबर शाळा-शाळा खेळत होता. अस्वलाच्या कानामागून चिमटीत काहीतरी उचलल्यासारखं केलं, टेबलाचा खण ओढला, आत ठेवलं, खण लावला. मग अस्वलाला म्हणाला, "आता बस गप्प."

आज शाळेत गेले. बाईंनी नाकारलं नाही. म्हणाल्या, "मध्येच मोठ्याने बोलतो, वर्ग डिस्टर्ब होतो. मग मी यंत्रं काढून खणात ठेवते. अर्धाच तास. शिट्टी वाजते म्हणून सेलचं झाकण उघडून ठेवते, वस्तूला काही होऊ देत नाही मी." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई मनाने चांगल्या आहेत हो. आणि तुम्हाला इतकं वाटत असेल तर नाशिकला अशा मुलांच्या वेगळ्या शाळा आहेतच की."

नवरा म्हणतो दुसरी शाळा बघू. सासूबाई म्हणतात, भांडू नकोस, आपलं लेकरू दिवसभर त्यांच्याच ताब्यात असतं. त्या भीतीने म्हणताहेत हे मला कळतं. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

डोंबिवलीकर | 3 फेब्रुवारी, रात्री 11:02

जाड भिंगाच्या मुलाचा चष्मा काढून खणात ठेवला असता का त्या बाईंनी?

शंतनू | 3 फेब्रुवारी, रात्री 11:20

एक शंका, राग मानू नका. माझ्या भाच्यालाही यंत्रं आहेत. तो स्वतःच काढून ठेवतो, कान दुखतात म्हणून. सरासरीचा आकडा तास सांगतो, कोणी काढलं ते सांगत नाही. अर्धा तास बाईंनी, बाकीचे त्याने, असंही असू शकतं. सरकारी कागद करण्याआधी पूर्ण माहिती घ्या.

मृद्गंधा | 3 फेब्रुवारी, रात्री 11:34

@शंतनू, शंका बरोबर आहे. आमचाही काढतो. मी अभ्यासावरून ओरडायला लागले की शांतपणे दोन्ही काढतो, शर्टाच्या खिशात ठेवतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. बाबा म्हणतात, ही सोय मलाही हवी होती. :) पण ते दहा मिनिटांचं असतं. सुट्टीत तो हाच मुलगा होता, तेव्हा बारा तास घालत होता.

डोंबिवलीकर | 3 फेब्रुवारी, रात्री 11:51

गणित मांडून पाहिलं. आठवड्याचे 84 तास व्हायला हवेत, झाले साडेबावन्न. साडेएकतीस तास कमी. रविवार सोडून सहा दिवसांत वाटले तर दिवसाला सव्वापाच तास. मधल्या सुट्ट्या, शनिवारची अर्धी शाळा हे सगळं धरून थोडं इकडेतिकडे होईल. पण हा अर्धा तास नाही. बहुतेक सगळी शाळा आहे ही.

मृद्गंधा | 3 फेब्रुवारी, रात्री 11:58

असा हिशोब मी केला नव्हता. तो शाळेत दिवसभर न ऐकता बसत होता.

अस्मिता_ऑडिओ | 4 फेब्रुवारी, सकाळी 7:15

मी श्रवणतज्ज्ञ आहे. दोन गोष्टी आजच करा. त्या नोंदीची छापील प्रत घ्या, तारखेसह, सहीशिक्क्याची. आणि दिवाळीच्या वेळची जुनी नोंदही मागा, ती संगणकात असते. पुढच्या भेटीत आकडा शून्यापासून सुरू झाला तर हा पुरावा हाती राहणार नाही.

आता बाईंच्या तक्रारीबद्दल. मुलगा मोठ्याने बोलतो, म्हणून यंत्र काढलं. यंत्र काढल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने बोलतो. मग 'बघा, अजून ऐकत नाही' म्हणून यंत्र खणातच राहतं. आवाज वाढायचं कारण वर्गातला गोंगाट असतो, किंवा सेल उतरलेला असतो, किंवा यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकलेला असतो. हे तपासायला एक मिनिटही लागत नाही. मुलाच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी म्हणायचे, त्याने परत म्हणून दाखवायचे. 'स' आला नाही तर यंत्र तपासा. डॅनियल लिंग यांच्या नावाने ही चाचणी जगभर वापरतात. शाळेतल्या बाईंना हे कोणी शिकवलंच नसेल, याची मला खात्री आहे.

कोल्हापुरी_मास्तर | 4 फेब्रुवारी, दुपारी 1:40

अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. शिक्षकाच्या बाजूने चार शब्द लिहितो, पण आधी माझं स्वतःचं सांगतो.

2003 साली माझ्या वर्गात फेफरं येणारा एक मुलगा होता. दोनदा वर्गात झटका आला, पोरं घाबरली, एक मुलगी रडून आजारी पडली. मी त्याचं बसकुर व्हरांड्यात टाकलं. दाराशी, म्हणजे माझी नजर राहील. त्याला तिथून फळा दिसत नव्हता. वर्षभर तो व्हरांड्यात बसला. मी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही, मधल्या सुट्टीत त्याला पहिला खाऊ द्यायचो. माझ्या मते मी प्रेमळ मास्तर होतो. पुढच्या वर्षी त्याची आई दाखला न्यायला आली. मी विचारलं, का नेताय? ती म्हणाली, "सर, तो घरात पण दाराबाहेर बसून जेवतोय आता."

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या बाईंच्या वर्गात चाळीसच्या वर पोरं असतील. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यात मोजके, एकेकाकडे कितीतरी शाळा. माझ्या शाळेत ते महिन्यातून एकदा यायचे, तेही माहिती भरायला. म्हणून म्हणतो, बाईंना खलनायक करू नका. पण गप्पही बसू नका. तोंडी बोलणं हवेत जातं. मला त्या वर्षी कुणी एक कागद लिहून दिला असता, तर मी हललो असतो.

निमा | 4 फेब्रुवारी, दुपारी 2:05

मास्तर, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

अॅड_रेणुका | 4 फेब्रुवारी, रात्री 9:30

दिवसभर कोर्टात होते, आत्ता पूर्ण धागा वाचला.

मृद्गंधा, तुमच्या बाबतीत कायदा नेमका आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. त्याच्या कलम 92 मध्ये कोणती कृत्यं गुन्हा आहेत ते दिलंय. चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने हिणवणं, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं, आणि जाणूनबुजून त्या व्यक्तीच्या अवयवाला, ज्ञानेंद्रियाला किंवा साहाय्यक साधनाला इजा करणं, ते मोडणं किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणं. श्रवणयंत्र हे साहाय्यक साधन आहे. चाकाची खुर्ची हाताला लागणार नाही अशी ठेवणं, आंधळ्या मुलाची काठी काढून घेणं, हे सगळं याच ओळीत बसतं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड.

'वस्तूला काही होऊ देत नाही' हा बचाव इथे चालत नाही. यंत्र सुखरूप होतं, पण मुलाला ते वापरता येत नव्हतं.

शिवाय शिक्षण हक्क कायदा, 2009. कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होते. 'वेगळ्या शाळेत घाला' हे मुख्याध्यापिका सुचवू शकतात, लादू शकत नाहीत. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि 2016 च्या कायद्याचं कलम 16 मान्यताप्राप्त शाळेवर दिव्यांग मुलाला त्याच वर्गात सोयी देण्याची जबाबदारी टाकतं.

लगेच पोलिसांत जा असं मी म्हणत नाहीये. आधी मुख्याध्यापिकांना लेखी, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. पत्रात कलम 92 चा उल्लेख जरूर करा. उत्तर नाही आलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

सायली_क | 4 फेब्रुवारी, रात्री 10:10

सगळे तक्रार करा म्हणताय. मी केली होती.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. पहिलीत असताना बाकावरून घसरते म्हणून तिला ओढणीने बाकाला बांधायचे. ओढणी कोणाची तर मदतनीस बाईंची. पोटावर वळ यायचे, मी आधी इलॅस्टिकचे समजले. लेखी तक्रार केली, चौकशी झाली, शाळेने चूक मान्य केली, कागदावर मी जिंकले. त्यानंतर वर्गाच्या पालकांच्या गटात मेसेज पडायला लागले, 'एका मुलीपायी सगळ्या शाळेचं नाव खराब'. तिला वाढदिवसाला बोलावणं बंद झालं. बाई तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या, कारण 'हिची आई काय लिहून देईल सांगता येत नाही'. कोणी हात लावेना. खाली पडली तरी उचलायला मला फोन. दिवाळीनंतर मीच दाखला काढला.

तक्रारीनंतरही मूल रोज त्याच वर्गात जाणार असतं, याचा विचार करून ठेवा.

अॅड_रेणुका | 4 फेब्रुवारी, रात्री 10:25

@सायली_क, तुमच्या मुलीबरोबर जे नंतर झालं तोही छळच होता. लोक पहिल्या घटनेची तक्रार करतात, नंतरच्या वाळीत टाकण्याची करत नाहीत. दुसरीही लिहायला हवी असते. पण तेव्हा तुमच्यात ताकद उरली नसणार, हे मला समजतं.

सायली_क | 4 फेब्रुवारी, रात्री 10:31

नव्हती उरली.

काठीवाला | 5 फेब्रुवारी, सकाळी 6:50

मी जन्मांध आहे, बँकेत नोकरी करतो. नव्वदच्या दशकात एका निवासी अंधशाळेत सात वर्षं होतो. नाव लिहीत नाही, ते लोक आता नाहीत.

मार खाल्ला, तो सगळ्यांनीच खाल्ला त्या काळी. माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळं. शनिवारी घरी पत्र लिहायचो, ब्रेलमध्ये. आई-वडिलांना ब्रेल येत नव्हतं. म्हणून पत्र गुरुजी वाचायचे आणि साध्या लिपीत उतरवून पाठवायचे. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांच्याच हातून पत्र जायचं. सात वर्षांत माझ्या प्रत्येक पत्रात एकच मजकूर गेला, 'मी मजेत आहे, काळजी नसावी'. आईने ती सगळी जपून ठेवली आहेत. मागच्या वर्षी बायकोने मला वाचून दाखवली. त्यातलं बरंचसं मी लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून प्रतिबंध कसा करायचा असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर एकच. मुलाचं म्हणणं शाळेच्या हातातून न जाता बाहेर पोचायला एक वाट पाहिजे. दर महिन्याला बाहेरचं कोणीतरी येऊन मुलाला एकट्याला भेटलं पाहिजे. कर्णबधिर मुलासाठी खुणांची भाषा येणारं माणूस, आमच्यासाठी ब्रेल वाचणारं. शाळेत तक्रारपेटी असते ना, ती भिंतीवर कुठे आहे हे अंध मुलाला कोणी सांगितलेलं नसतं, आणि चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचा हात तिथे पोचत नाही.

2010 साली शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या संस्थेतले हाल बाहेर आले, पुढच्याच वर्षी कळंबोलीच्या अशाच एका संस्थेचं प्रकरण. उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. तिथल्या मुलांना भेटायला येणारं कोणीच नव्हतं. मला तरी दिवाळी-उन्हाळ्यात आई न्यायला यायची.

पुणेरी_विनायक | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:12

थोडं अवांतर, पण 'आंधळ्या मुलाची काठी' असं वर लिहिलंय. 'दृष्टिहीन' म्हणा. आणि 'अपंग' सोडून 'दिव्यांग' शब्द आल्याने समाजाची दृष्टी बदलतेय असं माझं मत आहे.

काठीवाला | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:30

विनायकराव, मला आंधळा म्हटलेलं चालतं, ताईंनी काही वाईट अर्थाने लिहिलेलं नाही. 'दिव्यांग' म्हणणारे गुरुजी यंत्र काढून ठेवत असतील तर शब्दाचा काय उपयोग? मृद्गंधाताईंच्या प्रश्नाकडे वळू या.

आरोहीचा_बाबा | 5 फेब्रुवारी, रात्री 11:45

वरच्या प्रतिसादातलं 'मुलाचं म्हणणं बाहेर पोचायला वाट' हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची, स्वमग्न, बोलत नाही. विशेष शाळेत जाते. बोलत नसलेल्या मुलाचं काय करायचं, ते आम्ही ठेचा खात शिकलो. ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी ती अचानक स्वतःच्या मनगटाला चावायला लागली. शाळा म्हणाली, स्वमग्न मुलांचं असतंच. डॉक्टर म्हणाले, वयात येतेय, होतं असं. आम्हीही तेच धरून बसलो. तीन महिन्यांनी कळलं की रिक्षातल्या मदतनीस बाई तिने हात हलवले की तिथेच चिमटा काढायच्या. तिने जागा दाखवून दिली होती आम्हाला. आम्हाला ती वाचता आली नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलंय. झोप, जेवण, शी-शू, अंगावरची खूण, कोणती गोष्ट नाकारली, रोज एक ओळ. आंघोळीच्या वेळी आई सगळं अंग बघते. वागणं बदललं तर 'आजाराचा भाग' म्हणण्याआधी आठ दिवसांची पानं बघतो. दुसरं म्हणजे चित्रांचे पत्ते. भूक, पाणी, शू हे सगळ्यांकडे असतात. आमच्या थेरपिस्टने विचारलं, "हिच्याकडे 'नको' कुठे आहे? 'दुखतंय', 'तू जा' हे कुठे आहेत?" नव्हते. बारा वर्षं आम्ही तिला फक्त मागायला शिकवलं होतं. शरीराचं चित्रही ठेवलंय, सगळ्या अवयवांसकट, झाकायच्या जागासुद्धा, खऱ्या नावांसह. माझ्या आईला आधी पटलं नव्हतं.

आता सगळ्यात अवघड भाग. 'नको' चा पत्ता दिला, आणि पहिल्याच आठवड्यात तिने तो भातासमोर धरला, केस विंचरताना धरला, आजीच्या पापीला धरला. आम्ही हसून तसंच पुढे रेटलं. थेरपिस्ट म्हणाली, घरात 'नको' ला किंमत नसेल तर बाहेर ती कशाला वापरेल? औषध आणि रस्ता ओलांडणं सोडून बाकी ठिकाणी आम्ही थांबायला लागलो. आजी आता आधी गाल पुढे करते आणि वाट बघते.

आणि हो, मीही तिच्यावर हात उगारलाय. दोनदा. तेही कॅलेंडरवर लिहिलंय.

अस्मिता_ऑडिओ | 6 फेब्रुवारी, सकाळी 7:05

हा प्रतिसाद मी आमच्या दवाखान्यात येणाऱ्या पालकांना वाचून दाखवू का? नाव न घेता.

आरोहीचा_बाबा | 6 फेब्रुवारी, सकाळी 7:40

जरूर.

मावशीची_लेक | 6 फेब्रुवारी, दुपारी 12:20

मदतनीस बाईंवर दोन प्रतिसाद आले म्हणून लिहिते. माझी आई एका विशेष शाळेत मदतनीस आहे, एकोणीस वर्षं झाली. तिच्या एकटीकडे तेरा मुलं. त्यातली सहा लंगोटवाली. पगार दोन-दोन महिने थकतो. एवढ्या वर्षांत तिला एका दिवसाचंही प्रशिक्षण मिळालेलं नाही. पंधरा वर्षांचा, तिच्याहून जड मुलगा झटका आल्यासारखा अंगावर येतो तेव्हा धरायचं कसं, हे तिला कोणी दाखवलं नाही. ती आपल्या मनाने करते. एखादी दुसरी बाई ओढणीने बांधेल. बांधणं चूकच आहे, मी पाठराखण करत नाही. पण पालकसभेत कधी कोणी विचारलंय का, या बाईकडे किती मुलं आहेत?

आईने स्वतःहून एक नियम केलाय. संडास-बाथरूमला मूल नेताना दोघींनी जायचं, बाहेरचं दार अर्धं उघडं, आणि वहीत वेळ लिहायची. मुख्याध्यापक म्हणाले, दोघींचा वेळ जातो. ती म्हणाली, "मग तेवढा वेळ तुम्ही वर्ग बघा." आता तेही बघतात. याने मुलंही सुरक्षित आणि बायांवरही उगीच बालंट नाही.

निमा | 6 फेब्रुवारी, दुपारी 3:00

रेणुकाताई, याहून गंभीर काही असेल, म्हणजे लैंगिक, आणि मूल बोलत नसेल, तर काय? पोलीस ऐकून तरी घेतात का?

अॅड_रेणुका | 6 फेब्रुवारी, रात्री 9:50

हे सगळ्यांनी वाचा. पोक्सो कायदा, 2012. संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, पालकावर, शिक्षकावर, संस्थाचालकावर. शाळा 'आम्ही अंतर्गत चौकशी करतोय' म्हणून दाबून ठेवू शकत नाही, न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलाच्या शारीरिक किंवा मानसिक दिव्यांगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार कायद्याने जास्त गंभीर धरला आहे. शुद्ध हेतूने कळवलं आणि पुढे सिद्ध झालं नाही तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. मूल दिव्यांग असेल तर विशेष शिक्षक किंवा मुलाची संवादाची पद्धत ओळखणारी व्यक्ती मदतीला घेता येते, कोर्टातसुद्धा. हे पोलीस स्वतःहून सांगतीलच असं नाही, तुम्ही मागा. त्याच शाळेतले विशेष शिक्षक मात्र घेऊ नका.

एक कळकळीची विनंती. मुलाला घरी पुन्हा पुन्हा विचारू नका. 'त्याने असं केलं का, तसं केलं का' असे प्रश्न तर नकोच. तुम्ही सुचवलेलं उत्तर पुढे बचावपक्ष उचलतो. मूल जे म्हणालं किंवा जे करून दाखवलं ते तसंच लिहा, तारीख घाला, कपडे धुऊ नका, आणि 1098 (मुलांची मदतवाहिनी) किंवा 112 (पोलीस) वर फोन करा.

मृद्गंधा, तुम्ही शनिवारी रात्री त्याला काही न विचारता अस्वलाचा खेळ बघत राहिलात, ते अगदी बरोबर केलंत.

सुजाता_सिएटल | 7 फेब्रुवारी, सकाळी 5:30

इथे अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक दिव्यांग मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा लेखी असतो. कोणतं साधन कोणी सांभाळायचं हेसुद्धा त्यात लिहिता येतं, आणि सुरुवातीला पालकाची लेखी संमती लागते. पण इथेही मुलांना धरून दाबणं, खोलीत कोंडणं चालतं, आणि ते रोखणारा सगळ्या देशाला लागू होणारा कायदा नाही, राज्यागणिक नियम वेगळे. म्हणून इथलं सगळं छान असं समजू नका. 'यंत्राची जबाबदारी कोणाची' हे शाळेकडून लिहून घ्यायची कल्पना मात्र तुम्हाला उपयोगी पडेल.

कोल्हापुरी_मास्तर | 7 फेब्रुवारी, सकाळी 10:15

ताई, मसुदा करून देतो. शाळेला कळेल अशा भाषेत.

"प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: वर्गात माझ्या मुलाचे श्रवणयंत्र काढून ठेवण्यात येत असल्याबाबत. महोदया, दि. 3 फेब्रुवारी रोजी वर्गशिक्षिकांनी आपल्या समक्ष मला सांगितले की, मुलगा मोठ्याने बोलल्यास त्याचे श्रवणयंत्र काढून खणात ठेवले जाते. यंत्रातील नोंदीनुसार शाळेच्या कालावधीत त्याचा दैनंदिन वापर लक्षणीय घटला आहे, नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. साहाय्यक साधनाच्या वापरात अडथळा आणणे हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 92 खाली येते, याकडे आपले लक्ष वेधते. तरी आजपासून कोणत्याही कारणाने यंत्र काढले जाऊ नये, तशी लेखी सूचना वर्गशिक्षिकांना द्यावी, गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची वर्गभेट घडवून आणावी, आणि केलेली कार्यवाही मला सात दिवसांत लेखी कळवावी. प्रत: मा. गटशिक्षणाधिकारी."

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. लिपिक म्हणेल, बाई नाहीत, नंतर या. बसून राहा. नाहीच घेतलं तर स्पीड पोस्ट, पावती जपा. पत्रात राग लिहू नका, विशेषण एकही नको.

शंतनू | 7 फेब्रुवारी, सकाळी 11:00

माझी पहिली शंका मागे घेतो. बहिणीला फोन करून भाच्याची नोंद काढायला सांगितली आहे. तो 'कान दुखतात' म्हणतो ते आम्ही कधी तपासलंच नाही.

मृद्गंधा | 2 मार्च, रात्री 10:20

उशिरा लिहितेय. पत्र दिलं. लिपिकाने खरंच पोच दिली नाही, दीड तास बसले, मग दिली. आवक क्रमांक मिळाला तेव्हा हात घामाने ओले झाले होते.

त्यानंतरचे पहिले दहा दिवस वाईट गेले. बाई माझ्याशी बोलेनात. मुख्याध्यापिकांनी यजमानांना ऑफिसात फोन करून 'मॅडमना समजवा' सांगितलं. ते म्हणाले, "पत्र आम्ही दोघांनी लिहिलंय." घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी रडले. सायलीताईंचं सगळं डोक्यात होतं, म्हणून वर्गातल्या दोन आयांना आधीच घरी चहाला बोलावून खरं काय ते सांगून ठेवलं होतं. गटात कोणी काही लिहायच्या आत त्यातल्या एकीने लिहिलं की हे आपल्या कोणाच्याही मुलाबाबत होऊ शकतं.

गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलांच्या कानात कापसाचे बोळे घालून, पाठ करून श्रुतलेखन घेतलं. बाईंनाही लिहायला लावलं. लेक सांगत होता, "बाईंच्या चार चुका झाल्या. माझी एकच." ते सहा ध्वनी आता रोज प्रार्थनेनंतर त्याच्याकडून म्हणून घेतात. कधी बाई घेतात, कधी शेजारचा मुलगा.

यंत्र काढणार नाही असं लेखी आलंय, पण त्यात 'गैरसमजातून' असा शब्द आहे. तो बदलून मागू का, हे अजून ठरत नाहीये. पोट अजून दुखतं, रोज नाही. चालू सेल काल दहाव्या दिवशी संपला. नोंद एप्रिलमध्ये काढू.

अॅड_रेणुका | 2 मार्च, रात्री 10:45

'गैरसमजातून' वर तुमचा आक्षेप दोन ओळींत लिहून द्या आणि फाइलला लावा. बदलून नाही मिळालं तरी तुमचं म्हणणं कागदावर राहील.

सायली_क | 2 मार्च, रात्री 11:10

चहाला बोलावलंत ते फार बरं केलंत. मला सुचलं नव्हतं.

वर्षा_जालना | 9 मार्च, दुपारी 4:30

आजच सभासद झाले, या धाग्यासाठी. माझा भाऊ निवासी शाळेत आहे, बौद्धिक दिव्यांग, सोळा वर्षांचा. भेटायला गेलं की ते एकटं भेटू देत नाहीत, कोणीतरी शेजारी बसून असतं. मास्तरांच्या पत्रासारखं पत्र वसतिगृहासाठी कसं लिहायचं? शाळेचं नाव

कोल्हापुरी_मास्तर | 9 मार्च, दुपारी 4:52

ताई, शाळेचं नाव इथे लिहू नका, अर्धवट पडलंय ते तसंच राहू द्या. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, रेणुकाताईंनाही त्यात घेतलंय. तोपर्यंत एक करा. पुढच्या भेटीला जाल तेव्हा भावाला आंघोळ मी घालते म्हणा.